वैशाखातील करवत

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर करवतींचा आवाज सुरू होतो. वर्षभर ज्या झाडाच्या सावलीत रिक्षा उभ्या राहिल्या, त्याच्याच फांद्यांकडे लोक संशयाने पाहू लागतात. हा संशय अगदीच निराधार नसतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. पर्जन्यवृक्षाचा पसारा एवढा, की भिजलेल्या पर्णसंभाराचे ओझे आडव्या फांदीला पेलवत नाही. दोन्ही झाडे परदेशातून आली, सावलीसाठी हौसेने लावली गेली आणि पुढे त्यांच्या मुळांभोवती आपणच सिमेंट ओतले.

छाटणीच्या मुकादमाचा दिवस मात्र झाडापासून नव्हे, गाडीपासून सुरू होतो. रस्ता रुंद असेल तर हायड्रॉलिक शिडीची गाडी येते आणि तिच्या पाळण्यात उभा राहून माणूस थेट फांदीपर्यंत पोहोचतो. परंतु या गाडीचे आधाराचे पाय टेकवायला घट्ट, सपाट जमीन हवी. गटारावरच्या फरशीवर ते टेकवले, तर झाडाआधी गाडीच कलंडायची. जुन्या पेठांच्या बोळांत ती शिरतही नाही. तेथे दोर, कमरेचा पट्टा आणि अंगचे कसब एवढाच आधार. खाली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. फांद्या वजनापेक्षा आकारानेच जागा अडवतात आणि ती पाहता पाहता भरते.

जाड फांदी वरून एका दमात कापली, तर ती मोडताना स्वतःच्या भाराने बुंध्याची साल खालपर्यंत ओरबाडून नेते. म्हणून जाणता कामगार तीन काप घेतो. पहिला खालून, बुंध्यापासून थोडे अंतर राखून आणि अर्धवट. दुसरा वरून, त्याहून जरा बाहेर. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, तोही फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा शाबूत ठेवून. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून पाहिली. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजणाऱ्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते, हे त्यांनी दाखवले. या कामी तो फुगवटाच उपयोगी पडतो. कापावर डांबर फासण्याची आपली जुनी रीत झाडापेक्षा माणसाचेच समाधान करते.

संपूर्ण झाड पाडण्याचे तंत्र निराळे. ज्या बाजूला पाडायचे, तिकडे व्यासाच्या सुमारे पाव भाग खोल खाच. मग मागून काप. आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. ही पट्टी म्हणजे झाडाचे बिजागर. तीही कापली गेली, तर झाड कोणाचेच ऐकत नाही. शहरात मात्र उभे झाड आडवे व्हायला जागा कुठली? शेंड्यापासून तुकडे करीत, एकेक दोराने खाली सोडावा लागतो.

एका जुन्या सोसायटीच्या फाटकावर असाच एक पर्जन्यवृक्ष झुकलेला होता. ‘एकदाचा काढूनच टाका,’ असा काही रहिवाशांचा आग्रह. मुकादमाने बुंधा ठोकून पाहिला, मुळांजवळची माती उकरली. पोकळ निघाली ती एकच फांदी. १९७५च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हटले आहे. पण त्याने कायदा सांगितला नाही. ‘अर्ज फक्त फांदीचा करा,’ एवढेच म्हणाला. लेश्यांच्या चित्रातील जांभळाचे झाड आणि त्याखालचे सहा भुकेले वाटसरू ज्यांनी मंदिराच्या भिंतीवर पाहिले आहेत, त्यांना मूळ तोडणे आणि फांदी तोडणे यांतील अंतर निराळे सांगावे लागले नाही. अर्ज फांदीचाच गेला.

परवानगी आली, गाडी आली, आणि त्याच फांदीच्या टोकाला कावळ्याचे घरटे दिसले. कावळ्यांच्या विणीचा आणि छाटणीचा हंगाम एकच. पिलांना पिसे फुटली होती. उडायला आणखी आठ-दहा दिवस. पाऊस लवकर आला तर फांदी फाटकावर येणार, हे मुकादमाला सर्वांहून अधिक ठाऊक होते. त्याने बाकीची वाळकी काटकी उतरवली, पोकळ फांदी वरच्या जाड फांदीला दुहेरी दोराने बांधली आणि फाटकाची ती बाजू बंद करायला लावली. गाडी पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा सांगून ठेवली. तिचे जादा भाडे कोणी द्यायचे, यावर सोसायटीच्या सभेत तासभर चर्चा झाली.