गाडीचा जीर्णोद्धार

मोटारीच्या चक्रामागील काचेखाली जो आकडा दिसतो, तो घरातील किती माणसे वाचतात? इंधन किती उरले एवढे पाहिले की बहुतेकांचे समाधान होते. आमच्या घरच्या गाडीचा हा आकडा नुकताच २,३७,००० किलोमीटरांवर गेला. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे या गाडीने पृथ्वीस जवळजवळ सहा प्रदक्षिणा घातल्या, आणि त्याही सगळ्या पुणे, नांदेड, पंढरपूर व छत्रपती संभाजीनगर एवढ्याच मुलखात! आठ माणसे बसतील अशी ही डिझेलची गाडी २०११ साली दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी आली. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती मुदत आता संपत आली, तेव्हा गाडी ठेवावी की काढावी, असा प्रश्न घरात उभा राहिला.

एकत्र कुटुंबात गाडी कोणा एकाची नसते, आणि तिच्याविषयीचे मत मात्र प्रत्येकाचे असते. पुण्यास नोकरीवर असलेल्या पुतण्याचे म्हणणे, ही विकून विजेवर चालणारी नवी घ्यावी. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. वडील बंधूंचे मत याच्या अगदी उलट: चालते आहे तोवर तिला हातच लावू नये. मला विचाराल तर या दोहोंत दुसरे मत अधिक धोक्याचे. पण निर्णयास खरे वजन आले ते मातोश्रींच्या गुडघ्यांमुळे. त्यांचे वय ८४. हल्लीच्या ठेंगण्या गाडीत वाकून शिरणे त्यांस जमत नाही. या गाडीचे आसन मात्र नेमके त्यांच्या बसण्याच्या उंचीचे आहे. श्रावणात घृष्णेश्वराचे दर्शन आणि मार्गशीर्षात नागपुरास भाचीचे लग्न, अशा दोन यात्रा त्यांनी मनात धरल्या आहेत. नागपूरची वाट म्हणजे समृद्धी महामार्ग. तेव्हा आठ जीव जिच्यावर सोपवावयाचे त्या गाडीची आधी आमूलाग्र तपासणी व्हावी, जे झिजले असेल ते बदलावे, आणि ती राखण्याजोगी आहे की नाही याचा निकाल मिस्त्रीने द्यावा, असे सर्वानुमते ठरले.

असा निकाल देणाऱ्या मिस्त्र्यांची या शहरात वाण नाही. ज्यांनी हे गाव केवळ लेण्यांच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून पाहिले, त्यांस बीबीचा मकबरा आणि पाणचक्की एवढीच त्याची ओळख असते. सकाळच्या पाळीच्या वेळी वाळूजच्या रस्त्याला कामगारांच्या बसगाड्यांची जी रांग लागते, ती त्यांनी पाहिलेली नसते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. पुढे औरंगजेबाचे नाव तिला मिळाले, २०२३ मध्ये आजचे नाव अधिकृत झाले, आणि मूळ नाव खडकेश्वराच्या वस्तीपुरते उरले. परंतु या शहराचे आयुष्य नावांपेक्षाही पालटले ते १९८५ नंतर, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हा. त्याच्या आधाराने सुटे भाग ओतणारे, घडविणारे, रबराचे व प्लॅस्टिकचे नग काढणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. पश्चिमेस वाळूज, पूर्वेस चिकलठाणा व शेंद्रा, आणि मधून जालना रोड. असे हे शहर चाकावर उभे आहे म्हटले तरी चालेल. ज्या घरात आजोबांनी हिमरूचा माग चालविला, त्या घरातला नातू आज कोठे तरी ब्रेकच्या डिस्का तपासत असावयाचा.

आमचा मिस्त्री याच मुशीतला. कारखान्यात काही वर्षे यंत्रावर काम करून मग त्याने चिकलठाण्याच्या बाजूस आपले स्वतंत्र गॅरेज काढले. एक पत्र्याचे छप्पर, एक खड्डा, कडुनिंबाचे एक झाड आणि तीन पोरे, एवढाच संसार. बोलणे अर्धे मराठी, अर्धे दखनी. गाडी खड्ड्यावर घेतल्यावर पुढच्या चाकाजवळून येणाऱ्या खडखडाटाविषयी मी चिंता व्यक्त केली, तेव्हा तो हसून म्हणाला, “काका, वाजतं त्याची भीती नका बाळगू. वाजतं ते सांगून मोडतं. जे वाजत नाही ना, ते रस्त्यात दगा देतं.”

पुढील दोन दिवसांत या वाक्याचा अर्थ मला टप्प्याटप्प्याने कळत गेला. खडखडाट निघाला तो झिजलेल्या रबरी बुशांचा आणि एका लिंक रॉडचा. काम तासाभराचे, खर्चही बेताचा. इंजिनातून काढलेले तेल काजळीसारखे काळे होते, तेही डिझेल गाडीत स्वाभाविकच. डिझेलच्या गाळणीत थोडे पाणी साचलेले, हवेच्या गाळणीत मराठवाड्याची धूळ गच्च बसलेली. ही सर्व नित्याची कामे. मिस्त्रीची चर्या गंभीर झाली ती रेडिएटरचे झाकण उघडल्यावर. मागे एका प्रवासात कोण्या गॅरेजवाल्याने कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरून दिले होते. आपल्याकडील बोअरचे पाणी किती जड असते हे चहाच्या भांड्याच्या बुडाशी बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच थर येथे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला होता. इंजिनाची उष्णता वाहून नेणारे पाणी त्या नळ्यांतून मोकळे वाहावे लागते. नळी अरुंद झाली की हिवाळ्यात कळतही नाही, आणि वैशाखात, घाटात, आठ माणसे बसलेली असताना काटा एकदम वर चढतो.

पाणी वाहते ठेवण्याची विद्या या शहरास नवी नाही. मलिक अंबरने डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. पाणचक्कीस येणारे पाणी दुरून मातीच्या नळांतून खेळवून उंचीवर चढविले आहे आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर दळणाचे जाते फिरे. अशा नहरींत गाळ साचणारच. तो वेळच्या वेळी काढावा लागतो, आणि काढणारे हात थांबले की उत्तम बांधणीची नहरही मुकी होते. शहरातील किती नहरींचे असे झाले हे जुन्या वस्त्यांतून हिंडणाऱ्यास सांगावयास नको. असो. आमचा रेडिएटर काढून साफ करविला, रबरी नळ्या बदलल्या आणि शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरले.

सर्वांत मोठा खर्च ज्या वस्तूवर झाला ती वस्तू घरातील एकानेही पूर्वी पाहिलेली नव्हती. टायमिंग बेल्ट म्हणून एक दातेरी रबरी पट्टा इंजिनाच्या पुढील बाजूस झाकणाआड फिरत असतो. झडपा केव्हा उघडाव्यात व केव्हा मिटाव्यात आणि त्याच वेळी दट्ट्या वर असावा की खाली, याचा ताल हा पट्टा सांभाळतो. तो झिजताना आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही. आणि धावत्या गाडीत तुटला तर दट्ट्या झडपांवर आदळून एका क्षणात इंजिनाची वाताहत होते. कंपनीच्या पुस्तिकेत त्याचे आयुष्य किलोमीटरांत दिलेले असते. आमच्या पट्ट्याचे ते केव्हाच उलटून गेले होते. जुना पट्टा उलटा वाकवून मिस्त्रीने दातांच्या मुळाशी पडलेल्या बारीक भेगा दाखविल्या, तेव्हा “चालते आहे तोवर हात लावू नये” म्हणणारे वडील बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. पट्ट्याबरोबर त्याचा ताण राखणारी कप्पी आणि पाण्याचा पंपही बदलला. पंप अजून चालला असता. परंतु तो त्याच झाकणाआड असतो, आणि पुन्हा सगळे खोलण्याची मजुरी पंपाच्या किमतीहून कमी नव्हती. हा हिशेब मला पटला.

ब्रेकच्या तेलाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की तेल कमी उष्णतेवर उकळू लागते, आणि लांब उतारावर ब्रेक पुनःपुन्हा दाबून तापले म्हणजे त्यात बुडबुडे होऊन पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. ज्याने कन्नडचा औट्रम घाट उतरला आहे त्यास याचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही. त्यामुळे दिसावयास स्वच्छ असले तरी ते तेल वर्षांच्या हिशेबाने बदलावे, किलोमीटरांच्या नव्हे.

टायरांच्या बाबतीत घरात पुन्हा वाद झाला, कारण नक्षी अजून शिल्लक होती. टायरच्या बाजूस चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या चार टायरांनी सात वर्षे पुरी केली होती, आणि स्टेपनी तर गाडीबरोबर आलेलीच होती! समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये त्याचा ७०१ किलोमीटरांचा सारा मार्ग खुला झाला. सरळ, काँक्रीटचा, ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा असलेला. अशा रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना जुने रबर तापते आणि फुटते. तेथील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन खात्याने झिजलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशापाशी अडविण्यास आरंभ केला, तो उगीच नव्हे. पाचही टायर नवे घेतले.

टायर धरून एकंदर खर्च ६८,००० रुपये झाला. पुतण्याने पुण्याहून दूरध्वनीवर आकडा ऐकला आणि म्हणाला, “काका, एवढ्या जुन्या गाडीवर एवढे?” मी त्यास सांगितले की घृष्णेश्वराचे देऊळ वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांनी दुरुस्त केले आणि पुढे अठराव्या शतकात अहल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केला, आणि आपल्याकडे नव्या देवळापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानतात. तो हसला. त्याने विचारलेला पुढचा प्रश्न मात्र चोख होता: इंजिनाचे काय? मिस्त्रीने चारही सिलिंडरांचा दाब मोजला होता, आणि चौघांत फारसा फरक निघाला नव्हता. तो मोठ्या फरकाचा निघता तर मीही गाडी विकण्याच्या बाजूने मत दिले असते.

तपासणीची फेरी वेरूळच्या रस्त्यावर घ्यावयाची हे ओघानेच आले. सुमारे तीस किलोमीटरांच्या या वाटेवर चढ आहे, वळणे आहेत, आणि जुन्या वेशीपाशी हमखास खोळंबाही. मिस्त्री चालकाशेजारी बसला, मातोश्री मधल्या आसनावर. देवगिरीचा किल्ला मागे पडून घाट लागला तेव्हा मी तापमानाच्या काट्याकडे पाहत होतो. मातोश्री बाहेरील हिरव्या उतारांकडे. काटा मध्यावरून हलला नाही. वर खुलताबादेत भद्रा मारुतीस जाणाऱ्यांची गर्दी होती, तेथे दहा मिनिटे गाडी जागच्या जागी चालू राहिली; तरीही नाही. घृष्णेश्वराच्या दारी मातोश्री कोणाचा हात न धरता उतरल्या. दर्शन होईतो मिस्त्रीने बॉनेट उघडून नळ्यांच्या जोडांवर बोट फिरविले आणि ते कोरडे आहे असे मला दाखविले. परतीच्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावयास लावून ब्रेकला दोनदाच पाय लागू दिला.

हजार किलोमीटर झाले की एकवार नट-बोल्ट आवळून घ्यावेत, असे सांगून त्याने पुढील तेलबदलीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून दाराच्या आतील बाजूस चिकटविला. येत्या महिन्यात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आर.टी.ओ.कडे दाखवावयाची आहे; हरित कर भरून आणखी पाच वर्षांचा परवाना मिळेल. त्याआधी मागील नंबरपाटीवरचा दिवा तेवढा लावून घ्यावयाचा राहिला आहे.