चेंडूला हात न लावणारे गडी

आमचा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सांता क्लारा येथे राहतो. बारावीपर्यंत तो आमच्याकडे मराठी शिकला, पुढे यथाकाल संगणकाकडे वळला, आणि तेथे गेल्यावर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या नादी लागला. 1946 साली स्थापन झालेला हा संघ 2014पासून सांता क्लारातील मैदानावरच खेळतो. या संघाच्या सार्वकालिक सर्वोत्तम दहा आक्रमक खेळाडूंची यादी त्याने आम्हांला धाडली आणि खाली खोडसाळपणे लिहिले : 'तुम्ही दोघांनी जन्मभर कवींची प्रतवारी लावलीत, आता यांची लावून दाखवा.' आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो. एकाचा विषय काव्यशास्त्र, दुसऱ्याचा वाङ्मयेतिहास. आव्हान स्वीकारण्याइतके अज्ञान दोघांपाशीही होते.

अमेरिकन फुटबॉल हा नावातच पाय असलेला, पण मुख्यतः हातांनी खेळायचा खेळ. आक्रमणाचे अकरा गडी वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. चेंडूचा ताबा गेला की पहिले अकरा बाहेर येऊन बाकावर बसतात. कबड्डीत चढाई करून आलेला गडी पुन्हा बचावाला उभा राहतो, तशी सोय येथे नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. साधले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाला. क्वार्टरबॅक हा या आक्रमणाचा सूत्रधार. तो चेंडू फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हाती देतो. फेकलेला चेंडू झेलणारा तो रिसीव्हर, चेंडू घेऊन धावणारा तो रनिंग बॅक. एवढ्या भांडवलावर आम्ही जुने सामने पाहू लागलो, आणि पंधरा दिवसांत एकमेकांशी भांडू लागलो.

भांडण अर्थात जो मोंटाना आणि जेरी राइस यांच्यावरून. मोंटाना 1979 साली संघात आला तो तिसऱ्या फेरीत, एकूण 82व्या क्रमांकावर निवडला जाऊन. बाहू फार बलवान नाही, देहयष्टीही बेताची. पण त्याच वर्षी प्रशिक्षक झालेल्या बिल वॉल्श यांनी आखूड, नेमक्या वेळी फेकायच्या चेंडूंची जी रचना बसवली होती, ती या माणसाने आपली मातृभाषा असल्यासारखी उचलली. चार सुपर बोल सामने खेळला, चारही जिंकला. त्या चारांत मिळून 122 वेळा चेंडू फेकला, 11 टचडाउन मिळवले आणि एकही चेंडू प्रतिपक्षाच्या हाती पडू दिला नाही. आमच्यातल्या काव्यशास्त्रवाल्याला एवढे पुरेसे होते. औचित्य म्हणतात ते हेच, असे त्याचे म्हणणे.

वाङ्मयेतिहासवाला आकड्यांचा माणूस. त्याने राइसची बाजू घेतली. मिसिसिपीतल्या एका गवंड्याचा हा मुलगा लहानपणी वडिलांच्या कामावर विटा झेलायचा. 1985 साली संघात आला तेव्हा हातातले सोपे झेल सोडत होता, आणि कारकीर्द संपली तेव्हा झेललेल्या चेंडूंवर त्याने 22,895 यार्ड मिळवले होते. त्याच्यानंतरचा, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा लॅरी फिट्झजेराल्ड 17,492वर थांबला. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत पाच हजारांहून अधिक यार्डांचे अंतर! मराठी वाङ्मयाच्या कोणत्या प्रकारात पहिल्या आणि दुसऱ्या नावात एवढे अंतर दाखवता येईल, असा प्रश्न इतिहासवाल्याने विचारला. काव्यशास्त्रवाल्याने एक नाव सुचवले. तो वाद येथे नको.

युक्तिवादाने हा तंटा मिटत नाही, कारण पुरावा दोन्हीकडे सारखा आहे. राइस येण्यापूर्वी, जानेवारी 1982 आणि जानेवारी 1985मध्ये, मोंटानाने दोन विजेतेपदे मिळवली होती. उलट मोंटाना 1993 साली कॅन्सस सिटीला गेल्यानंतर, जानेवारी 1995मध्ये, राइसने स्टीव्ह यंगच्या साथीने विजेतेपद मिळवले. दोघे एकमेकांवाचून मोठेच. त्या 1995च्या अंतिम सामन्यात डावखुऱ्या यंगने सहा टचडाउन-फेकी केल्या. त्याआधी चार वर्षे तो मोंटानाचा पर्यायी खेळाडू म्हणून बाकावर बसून होता. समकालीन थोरामागे झाकोळलेल्या माणसाबद्दल आम्हां मास्तरांना नेहमीच जिव्हाळा वाटतो. त्यामुळे यंगला तिसरे स्थान देताना मात्र आमचे एकमत झाले.

बाकीची नावेही आमच्या विद्यार्थ्याने जाणतेपणाने निवडली होती. एकाच हंगामात धावून हजार आणि झेलून हजार यार्ड मिळवणारा पहिला खेळाडू रॉजर क्रेग (1985). या संघासाठी धावून 11,073 यार्ड मिळवणारा फ्रँक गोर. 1953 आणि 1954 अशी लागोपाठ दोन वर्षे हजार यार्ड धावणारा पहिला खेळाडू जो पेरी. मग ह्यू मॅकएल्हेनी, टेरेल ओवेन्स, ड्वाइट क्लार्क, आणि अलीकडचा ख्रिश्चन मॅकॅफ्री. यादी छान दिसत होती. आम्ही नावे वरखाली करीत राहिलो.

आणि मग जानेवारी 1989चा अंतिम सामना पाहताना आमची पंचाईत झाली. सिनसिनाटीविरुद्ध फोर्टीनायनर्स तीन गुणांनी मागे, तीन मिनिटांच्या आसपास वेळ शिल्लक, आणि समोर 92 यार्डांचे मैदान. या क्षणाची एक कथा अमेरिकेत लहान पोरालाही पाठ आहे म्हणतात. सगळे तणावात असताना मोंटानाने प्रेक्षकांकडे बोट दाखवून सहकाऱ्याला सहज विचारले की, तो तिथे उभा आहे तो जॉन कँडी ना? (कँडी हा त्या काळचा प्रसिद्ध विनोदी नट.) मग एकेक फेक करीत त्याने संघाला पलीकडे नेले, 34 सेकंद उरले असताना जॉन टेलरने शेवटचा चेंडू झेलला आणि सामना 20-16 असा जिंकला. मोंटानाच्या स्थितप्रज्ञतेचा दाखला म्हणून ही कथा सांगितली जाते. आम्हीही ती तशीच ऐकली, आणि मग आमच्यातल्या एकाने विचारले, 'पण हा प्रश्न त्याने विचारला कोणाला?'

विचारला होता हॅरिस बार्टनला. बार्टन हा लाइनमन.

मराठी वाचकाला लाइनमन म्हटले की विजेच्या खांबावर चढणारा माणूस आठवतो. दिवे लागलेले असतात तोवर त्याची आठवण कोणालाच नसते, हे साम्य सोडले तर दोघांचा संबंध नाही. आक्रमणाच्या अकरांपैकी पाच गडी लाइनमन असतात, म्हणजे जवळजवळ निम्मे. मधला सेंटर चेंडू दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हाती देतो. बाकी चौघांचा चेंडूशी सहसा स्पर्शही होत नाही. पुढे फेकलेला चेंडू झेलायला त्यांना नियमानेच मनाई आहे. त्यांचे काम एकच : समोरून चालून येणाऱ्या धिप्पाड बचावपटूंना अंगावर घ्यायचे आणि मागच्या माणसाला तीन-चार सेकंद मिळवून द्यायचे. त्या तीन-चार सेकंदांवर मोंटानाचे औचित्य उभे असते आणि राइसचे 22,895 यार्डही.

आमच्या विद्यार्थ्याच्या दहांत यांपैकी एकही नव्हता. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही की, पंधरा दिवस हमरीतुमरीवर येऊनही ही उणीव आम्हां दोघांच्या ध्यानात आली नव्हती. कारण उघड आहे. आम्ही यार्ड मोजत होतो, झेल मोजत होतो, टचडाउन मोजत होतो, आणि लाइनमनच्या खात्यावर यांतले काहीच जमा होत नाही. त्याच्या नावे नोंद होते ती फक्त चुकीची. प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवले तर संघाला दहा यार्डांचा दंड होतो, आणि पंच ध्वनिवर्धकावरून त्या खेळाडूचा क्रमांक साऱ्या मैदानाला ऐकवतात. हजारो प्रेक्षकांना त्याचे अस्तित्व जाणवते ते असे, आणि एवढेच.

मग आम्ही एक सामना चेंडूकडे न बघता पाहायचा ठरवला. हे वाटते त्यापेक्षा फार कठीण आहे. नजर खेचली जाते. तीन-चार वेळा फसल्यावर हळूहळू दिसू लागले. पाच जण वाकून उभे. चेंडू हलला की पाचही एकदम मागे सरकतात, छोट्या छोट्या पावलांनी, कंबर खाली ठेवून, हात पुढे. पुढे जाणे हेच ज्या खेळाचे सर्वस्व, त्यात यांची विद्या मागे जाण्याची आहे; मात्र किती सावकाश मागे जायचे, यात सारे कौशल्य. एकाचा तोल गेला तर उरलेल्या चौघांचे श्रम पाण्यात. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळते, म्हणून मोंटानाच्या न दिसणाऱ्या बाजूची राखण डावीकडच्या टॅकलची. डावखुरा यंग आला आणि ही जोखीम उजवीकडच्या बार्टनवर येऊन पडली. अशी अदलाबदल आकड्यांच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

येथे आम्हांला आमचाच एक अपराध आठवला. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याची एक अभ्यासपत्रिका आखली होती. 'सत्यकथे'त लिहिणारे नवकवी आणि नवकथाकार तीत सगळे होते. कोणाला किती तासिका, यावर बैठकीत खडाजंगीही झाली होती. 'सत्यकथे'चे संपादन करणारे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या वाट्याला मात्र एकही तासिका आली नाही. लेखकाचे हस्तलिखित परत पाठवणे, दुरुस्त्या सुचवणे, त्याला पुन्हा लिहायला लावणे, ही कामे कोणत्याच पुस्तकावर छापली जात नाहीत. पटवर्धनांचे नाव विद्यार्थ्यांना भेटते ते 'पाडस'चे अनुवादक म्हणून, कारण तेथे मुखपृष्ठ आहे. 1982 साली 'सत्यकथा' बंद पडले तेव्हा पुष्कळांना त्यांची आठवण झाली, असे आमचे गुरुजन सांगत. अभ्यासपत्रिका आखताना आम्हांला ती झाली नाही.

त्याच 1982च्या जानेवारीत, दहा तारखेला, फोर्टीनायनर्सनी डॅलसला 28-27 असे हरवले. क्लार्कने उंच उडी मारून घेतलेला तो झेल नुसता 'द कॅच' म्हणूनच ओळखला जातो. मोंटाना आणि क्लार्क यांचे पुतळे सांता क्लाराच्या मैदानाबाहेर 2018पासून उभे आहेत. झेल अलौकिकच; पण त्याआधी 89 यार्डांच्या त्या वाटचालीत वॉल्श यांनी पुनःपुन्हा चेंडू दिला तो लेन्व्हिल एलियट या राखीव धावपटूच्या हाती, आणि त्याच्यासाठी वाट फोडत होते ते हेच पाच जण. एलियटही कोणाच्या यादीत नाही. आमच्याही नाही, हे कबूल केले पाहिजे. दहाच जागा असतात.

अखेर आम्ही यादी नव्याने लावली. राइस पहिला, मोंटाना दुसरा (काव्यशास्त्रवाल्याचा मतभेद नोंदवून), यंग तिसरा, क्रेग चौथा. पाचवा जेसी सापोलू. सामोआत जन्मलेला हा गडी 1983 साली अकराव्या फेरीत निवडला गेला, म्हणजे जवळजवळ कोणाला नकोच होता. तो कधी गार्ड, कधी सेंटर म्हणून 1997पर्यंत खेळला. मोंटानाच्या पुढ्यातही तोच उभा आणि यंगच्या पुढ्यातही तोच, आणि संघाच्या चार विजेतेपदांत त्याचा वाटा. सहावा पेरी. सातवा बॉब सेंट क्लेअर. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा टॅकल 1953 साली संघात आला. टिटल, पेरी, मॅकएल्हेनी आणि जॉन हेन्री जॉन्सन या चौघांच्या ज्या पिछाडीला लोक 'दहा लाख डॉलरांची' म्हणत, तिच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्यांत तो होता. कच्चे मांस खायचा आणि डेली सिटीचा महापौरही होता, पण गुण दिले ते यासाठी नव्हेत. आठवा गोर, नववा मॅकएल्हेनी, दहावा बार्टन.

यादी पाहून विद्यार्थी संतापला. सापोलू त्याला मान्य आहे. किंबहुना तो आपल्याला कसा सुचला नाही, याचेच त्याला वैषम्य वाटले. पण ओवेन्सला वगळून बार्टनला घेणे हा निव्वळ मास्तरी हट्ट आहे, असे त्याचे मत. बार्टनचा असा कोणता खेळ तुम्ही पाहिलात, सामना आणि क्षण सांगा, असे त्याने लिहिले आहे. प्रश्न रास्त आहे. आम्ही पुन्हा एकदा 1994च्या हंगामातले सामने लावून बसलो आहोत, उजव्या बाजूच्या टॅकलवर नजर ठेवून. काव्यशास्त्रवाला मधूनच चेंडूकडे पाहतो आणि पकडला जातो.