खजाना विहीर आणि दौलताबादचा हौद

ऊसतोडीला जाणारे मित्र उन्हाळ्यातच गावी सापडतात. परवा आम्ही चौघं बीडजवळची निजामशाही काळातली खजाना विहीर पाहायला गेलो. पाणी पाहून दौलताबाद आठवलं. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह तो किल्ला पाहायला गेले. हौदावर तोंड-पाय धुतले, तर 'पाणी बाटवलं' म्हणून गहजब झाला. पुढे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत शिपाई दिला. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षं झाली होती!

आम्ही मात्र काठावर निवांत बसलो. संध्याकाळी मित्राकडे जेवताना कळलं, आईबापासोबत तोडीवर गेल्यानं त्याच्या मुलीची शाळा बुडाली. पाणी खुलं झालं, वर्ग अजून बंदच. पुढच्या हंगामात ती माझ्या घरी राहून शिकेल, हे ठरवूनच उठलो.

तुमच्या वस्तीत अशी किती लेकरं आहेत?