विवरातला मुक्काम

महामार्गावरच्या गावात वाढलेल्या माणसाला जाणारे लोक चांगले ओळखू येतात. आमचं वडनेर भोलजी मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं. पूर्वी या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग 6 म्हणायचे, आता 53 म्हणतात. सुरतेजवळच्या हाजिऱ्याहून थेट ओडिशातल्या पारादीपला जातो. पण वडनेरला हौसेनं मुक्काम करणारा परका माणूस मला आठवत नाही. लोक चहाला थांबतात, पंक्चर काढायला थांबतात. नांदुऱ्याला रस्त्यालगत 105 फुटी हनुमान आहे, तिथं मात्र गाड्या हमखास थांबतात. माणसं उतरतात, मान वर करतात, मोबाइल आडवा धरून मूर्ती मावत नाही म्हणून उभा धरतात, हात जोडतात आणि निघतात. नांदुरा पाहून झालेलं असतं. यात त्यांचं काही चुकतं असं नाही. रस्ता लांबचा असतो.

धाकट्या भावानं श्टुटगार्टहून पाठवलेला सहलीचा बेत वाचताना मला हीच माणसं दिसायला लागली, आणि त्यांच्यात माझे आईबाबा. तीन देश, ऱ्हाइनचा धबधबा, हायडेलबर्ग, नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा, पॅरिस. प्रत्येक ठिकाणापुढे तास आणि मिनिटं. बेतामागचा भाव मात्र खरा होता. "दादा, आईबाबा एकदाच येणार आहेत," असं त्यानं शेवटी लिहिलं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक प्रवासांची दमछाक या 'एकदाच'मधून येते. अष्टविनायक दोन दिवसांत, चारधाम दहा दिवसांत, आणि परतल्यावर पाय शेकत आठवडा. काशीला जाऊन आलेल्या माणसाला काशी कशी आहे विचारलं तर तो गर्दी किती होती ते सांगतो. शेतकऱ्याच्या घरी तर बाहेर पडायला कारण लागतं: लग्न, दशक्रिया, दवाखाना, शेगावचं दर्शन. नुसतं जाऊन राहणं फक्त मामाच्या गावाला होतं, आणि तिथं पाहण्यासारखं काहीच नसायचं. त्यामुळेच बहुधा ते इतकं लक्षात राहिलं.

म्हणून मी भावाला उलट कळवलं: एकच गाव, आठवडाभर. बाबांच्या गुडघ्यांना झेपेल एवढंच. गाडी नको. जुनं असावं, कारण जुन्या गावात सगळं चालण्याच्या अंतरावर असतं. आणि स्वयंपाकघर हवं. हॉटेलऐवजी सुट्टीसाठी भाड्यानं मिळणारं घर घेतलं की आईचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

पहिलं नाव अर्थातच रोटेनबुर्गचं आलं. जर्मनीतलं मध्ययुगीन गाव म्हटलं की सगळे तेच सांगतात. 1274 साली साम्राज्याचं मुक्त शहर झालेलं, तटबंदीवरून आजही चालता येतं, संत याकोबाच्या चर्चमध्ये रीमनश्नायडरनं कोरलेली लाकडी वेदी. ऑक्टोबर 1631 मध्ये सेनापती टिली यानं हे शहर जिंकलं. (त्याच वर्षी जूनमध्ये मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारली. मलकापूरहून सरळ रस्ता असलेलं, तटाबुरुजांचं मध्ययुगीन शहर, आणि आम्ही तिथं कापड घेऊन संध्याकाळी परत येतो.) पराभूत नगराध्यक्षानं सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन शहर वाचवलं ही दंतकथा, आणि तिच्यावरचं नाटक 1881 पासून होत आलेलं. 31 मार्च 1945 ला अमेरिकन बॉम्बफेकीत जुन्या गावाचा मोठा भाग जळाला. मग जगभरातल्या लोकांनी पैसे दिले आणि तट पुन्हा उभा राहिला. देणगीदारांची नावं भिंतीत बसवली आहेत. ही गोष्ट आईला लगेच आवडली, कारण आपल्याकडे देवळाच्या प्रत्येक पायरीवर असंच नाव असतं.

पण भाऊ म्हणाला, दिवसा तिथं बसगाड्यांची रीघ असते. दोन रस्ते फुटतात त्या कोपऱ्यावर एक पिवळं वाकडं घर आहे, तिथं फोटोसाठी रांग. म्हणजे पुन्हा नांदुऱ्याचा हनुमान. मुक्काम केला तर संध्याकाळी गाव आपलंच, हेही त्यानं सांगितलं. तरी माझं मन वळेना, कारण तोवर नकाशात मला दुसरं गाव सापडलं होतं.

रोटेनबुर्ग ज्या पर्यटन-मार्गावर आहे, त्याच मार्गावर दक्षिणेला न्योर्डलिंगन आहे. वरून काढलेला फोटो पाहिला आणि मी खुर्चीतच सरळ झालो. लाल कौलांचं अख्खं गाव गोल, भोवती सलग तट, आणि मधोमध एकच उंच मनोरा. परातीत टाकलेल्या भाकरीसारखं. तट 2.7 किलोमीटरचा, पाच वेशी, वर छप्पर असल्यामुळे पावसातही पूर्ण फेरी मारता येते. पण मी सरळ झालो तो यामुळे नाही. हे गाव उल्केच्या विवरात वसलेलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून पडलेल्या पाषाणानं तिथं चोवीसेक किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला, आणि त्या खड्ड्याच्या सपाट तळावर हे लोक शेती करतात, बाजार भरवतात, नांदतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला यापुढे आणखी काय सांगायचं? लोणार आमच्या जिल्ह्यातलं. शाळेची सहल खामगाव-मेहकरवरून तिथंच जायची. विष्णूनं लवणासुराला मारलं ती जागा असं गुरुजी सांगायचे, आणि दैत्यसूदनाच्या देवळात ते खरंही वाटायचं. विवराचा व्यास 1.8 किलोमीटर, विवर काळ्या बेसाल्टमध्ये खोदल्यासारखं. ते ज्वालामुखीचं नव्हे, आघाताचंच, हे 1973 साली दगडांच्या तपासणीतून ठरलं. न्योर्डलिंगनचीही तीच तऱ्हा. तिथल्या दगडालाही लोक ज्वालामुखीचीच राख समजत होते. 1960 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी तिथून नेलेल्या दगडात प्रचंड दाबाखालीच तयार होणारं कोएसाइट हे खनिज सापडलं आणि वाद मिटला. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर चंद्रावर जाण्याआधी दगड ओळखायला इथं आले होते. गावातलं मोठं चर्च याच आघातातून जन्मलेल्या दगडाचं आहे, आणि त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे हिरे आहेत. आघाताच्या दाबानं ग्राफाइटचे झालेले.

आणखी एक गोष्ट मला फार वेळ पुरली. त्या खड्ड्यातही पूर्वी सरोवर होतं, तेही खारं. लाखो वर्षं गाळ साचत गेला, सरोवर बुजलं, वर सुपीक माती आली. लोणारच्या काठावर उभं राहून आपण खाली बघतो, फोटो काढतो आणि परततो. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर सगळा देश तसाच डोकावून गेला. त्या विवरात आठवडाभर राहावं असं आपल्या मनात येत नाही, आणि ते अभयारण्य असल्यानं येऊही नये. पण दुसऱ्या एका विवरात घर भाड्यानं मिळतंय.

भावाला हे पटायला वेळ लागला नाही; श्टुटगार्टहून आलेनला गाडी बदलली की न्योर्डलिंगन. अडचण तारखांची. पुतणीच्या शाळेला सुट्टी मेच्या अखेरीस लागते, आणि आमच्याकडे 7 जूनला मृग. म्हणजे इकडे लग्नसराई संपवून जायचं आणि पेरणीआधी वडनेर गाठायचं. आईच्या मते दोन लग्नं तरी बुडणार, आणि त्यांतलं एक बुडवण्यासारखं नाही. त्यावर अजून घरात बोलणं चालू आहे.

व्हिसाच्या कागदांत बाबांना एकच कागद महत्त्वाचा वाटला. परत येण्याची खात्री पटावी म्हणून सातबारा जोडायचा आहे, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हंजे आपलं वावर पाहून ते आपल्याले येऊ देतीन?" मी हो म्हणालो. त्यांना ते योग्य वाटलं. तीस हजार युरोच्या प्रवास-विम्याबद्दल मात्र त्यांना काहीच सांगितलेलं नाही. आईचं दुःख वेगळं. दुधाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप नाही. कळण्याचं पीठ, कुरडया, लसणाची चटणी एवढ्यावर तह झाला. रविवारी तिथं दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच भाजी आणून ठेवायची, हे तिला एकदा सांगितलं. तिनं ते तीन जणांना सांगितलं.

मध्ययुग म्हटलं की खिडकीतल्या फुलांच्या कुंड्या दिसतात, म्हणून मी गावाचा इतिहास जरा खोदून पाहिला. तट काही हौसेनं बांधत नाहीत. 1440 मध्ये वेशीचे राखणदार फितले होते आणि दार उघडं राहिलं होतं. एका डुकरिणीनं अंग घासलं तेव्हा ते हललं आणि एका बाईच्या लक्षात आलं, अशी आख्यायिका आहे. मनोऱ्यावरचा राखणदार आजही रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं हाळी देतो, ती या गोष्टीशी जोडतात. ऐकायला गोड आहे. पण याच गावात 1589 नंतरच्या काही वर्षांत पस्तीस माणसं चेटूक केल्याच्या आरोपाखाली जाळली, त्यांतल्या चौतीस बायका. मारिया होल नावाच्या खाणावळवालीला 62 वेळा यातना दिल्या. तिनं एकदाही कबुली दिली नाही आणि 1594 मध्ये तिला सोडावं लागलं. तिच्या नावाचं कारंजं गावातल्या चौकात आहे. आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "तिचं माह्यार कोनतं?" उल्म, म्हणालो. उल्मकरांनी तिच्यासाठी खटपट केली होती. "मंग बरोबर," आई म्हणाली.

आणि जुनी घरं टिकली त्याचंही कारण सुखाचं नाही. 1634 मध्ये गावाजवळ झालेल्या लढाईनंतर गावाचा व्यापार बसला, नवं बांधायला पैसा उरला नाही. आमच्याकडे उलट झालं. कपाशीला भाव आला, घरात नोकरी आली, की धाब्याचं घर पाडून स्लॅब पडतो. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. गळक्या धाब्याखाली ज्यानं पावसाळे काढले नाहीत त्यालाच ते सुंदर वाटतं. तिथल्या वाकड्या घरांपुढे उभं राहताना एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

बाबांचा मूळ प्रश्न अजून तोच आहे: "आठ दिवस तिथं करायचं काय?" सकाळी तटावरून अर्धी फेरी, उरलेली दुसऱ्या दिवशी. एगर नदीच्या काठी कातडं कमावणाऱ्यांची जुनी वस्ती आहे, कातडी वाळवायला उघड्या माळ्यांची. एखाद्या दिवशी विवराचं संग्रहालय. तिथं चंद्रावरून आणलेला दगड ठेवला आहे. मनोऱ्याला 350 पायऱ्या, म्हणजे बाबा खालीच. एवढं सांगून माझी यादी संपली. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "जमीन कशी हाये? काळी का बरड?" भावाला विचारून सांगितलं की खड्ड्यातली माती भुसभुशीत आणि चांगली आहे, गहू-जव होतो, बीट होतं. मेअखेर गहू हिरवाच असेल हे ऐकून ते जरा सावरून बसले. आपल्याकडचा गहू तोवर चक्कीवर गेलेला असतो.

आता भांडण एका दिवसावर अडलं आहे. माझी बायको आणि भावजय दोघींचं म्हणणं, इतक्या जवळून राजवाडा न पाहता परत यायचं म्हणजे काय, लोक विचारतील. आईनं निकाल दिला: "ज्याले जाचं असन त्यानं जावं. म्या त्या बाईच्या कारंज्यापाशी बसतो." भाऊ म्हणाला, राजवाड्याची पाच तिकिटं आधीच काढून ठेवतो. मी त्याला चारच काढायला सांगितलं.