बामाकोला पत्र

चि. बाळ,



ताईने तुझं पत्र फोनवर वाचून दाखवलं. ‘गोइता आणखी पाच वर्षं राहिला तर बिघडलं कुठे, निदान शिस्त तरी आहे.’ मालीच्या लष्करशहाबद्दल हे तू लिहावंस? आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, असं कुणी म्हणालं की आबा भरल्या ताटावरून उठायचे. तू शेजारच्याच पाटावर असायचास.

तू राहतोस त्याच शहरात मार्च १९९१ मध्ये मुसा त्राओरेच्या सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा अमादू तुमानी तुरे या लष्करी अधिकाऱ्याने त्याला अटक करून बावीस वर्षांची राजवट संपवली. मग राष्ट्रीय परिषद बोलावली, नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं. निवडणुकीला स्वतः उभा राहिला नाही आणि ८ जून १९९२ रोजी निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष कोनारेच्या हाती देश सोपवून बाजूला झाला. चौदा महिन्यांत! दहा वर्षांनी परतला तो मतं मागून. त्यालाही २०१२ मध्ये, निवडणूक महिन्याभरावर असताना, सैनिकांनीच हाकललं, हे खरं. पण म्हणून त्याने घालून दिलेला पायंडा खोटा ठरत नाही.

माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार: लोकशाही आणायला निघालेल्या सेनापतीने स्वतः उमेदवार होता कामा नये आणि जाण्याची तारीख त्याच्या एकट्याच्या हाती असू नये. गोइताचं बघ. निवडणूक आधी फेब्रुवारी २०२२ मध्ये होणार होती, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये. मे २०२५ मध्ये राजकीय पक्षच बरखास्त झाले आणि जुलैत त्याला मतदानाशिवाय पाच वर्षं मिळाली, तीही पुन्हा पुन्हा वाढवता येतील अशी. शेजारच्या गिनीत लष्करशहा दुम्बुयाने संक्रमणकाळातल्या सत्तेतल्या कुणी निवडणूक लढवायची नाही असा नियम केला, आणि शेवटी स्वतःच लढवली. तू याला शिस्त म्हणतोस?

आणि ही कसली शिस्त रे, की २०२५ मध्ये जिहादींनी टँकर जाळले आणि इंधनाअभावी देशभरच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या? जुलै २०२५ मध्ये ‘काय’ (Kayes) इथल्या सिमेंट कारखान्यातून आपल्याच तीन माणसांना उचलून नेलं, तेव्हापासून ताई बातम्या लावूच देत नाही. कामासाठी म्हणूनसुद्धा शहराबाहेर गाडीने जाऊ नकोस. दूतावासात नाव नोंदवलंयस का? मागच्या वेळी विचारलं तर विषय बदललास. माझ्याशी वाद नंतर घाल, आधी ताईला फोन कर.

तुझा,
मामा