पारी का फुटते?

सत्तरच्या दशकात ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगाराजवळ आमच्या वाण्याचं दुकान होतं. गणपती आठवड्यावर आले की आई मोदकाचं पीठ आणायला पाठवायची. वाणी पुडा बांधता बांधता म्हणायचा, "गेल्या वर्षी पाऱ्या फुटल्या ना? आईला सांग, यंदा आंबेमोहोराचं देतोय." कुणाकडे एकादशी, कुणाकडे बाळंतीण, कुणाच्या घरी कोकणातून पाहुणे, सगळं त्याला ठाऊक. ठाऊक असण्याचा जाचही होता. मागची बाकी तो चारचौघांत मोठ्यानं विचारायचा आणि मी मान खाली घालून घरी यायचो.

परवा पुतणी लॅपटॉप घेऊन आली. एका कंपनीच्या मोदक पिठासाठी ती मजकूर लिहिते. पडद्यावर तिचं गिऱ्हाईक होतं: स्त्री, वय ३५ ते ५०, ठाणे पश्चिम, खरेदी मोबाइलवरून. खाली ओळ, 'वेळ वाचवा, सण साजरा करा.'

"काका, कशी वाटते?"

म्हटलं, "चल, खोपटच्या स्टँडवर जाऊ. गिऱ्हाइकालाच विचारू."

जाताना तिला विकोच्या पेंढरकरांची गोष्ट सांगितली. केशव विष्णू पेंढरकरांचं आधी नागपुरात किराणा दुकान होतं. १९५२ साली त्यांनी परळला विको सुरू केली आणि मुलांसह दारोदार फिरून दंतमंजन विकलं. पुढे डोंबिवलीत कारखाना आला. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी'चं प्रायोजकत्व आलं, घराघरात विकोची धून पोचली. आपल्याला धून आठवते. पण दारात उभं राहून मंजन विकणाऱ्याला नकारही तोंडावरच मिळतो, कारणासकट. ती शिकवणी धुनीच्या कितीतरी आधीची.

स्टँडवर कोकणच्या गाडीची वाट बघत तिघीजणी बसल्या होत्या. पुतणीनं बिचकत विचारलं, "मावशी, मोदक घरीच करता?" तासभर गप्पा झाल्या. वेळ वाचवायचा आहे, असं एकीनंही म्हटलं नाही. एक म्हणाली, "वेळ काढतो गं सणाला. पण उकड बिघडली, पारी फुटली की सासरच्या पंगतीत मान खाली जाते. म्हणून तयार पीठ."

पुतणीनं ते तिच्याच शब्दांत टिपून घेतलं. घरी आल्यावर 'वेळ वाचवा' खोडलं आणि पारी का फुटते, उकडीत पाणी किती, मळताना हात कसा ओला ठेवायचा, हे आधी लिहिलं. पिठाचं नाव शेवटी आलं.

वाण्याला जे वर्षानुवर्षांच्या शेजारानं कळायचं, ते आता मोबाइल अर्धंच सांगतो: कुणी काय घेतलं, किती वाजता घेतलं. का घेतलं, ते अजून तोंडानंच विचारावं लागतं. आणि चारचौघांत बाकी न काढता विचारता आलं, तर ती वाण्यावरही मात.

तेव्हा जाहिराती लिहिणाऱ्या पोरांनो, महिन्यातून एकदा तासभर खोपटच्या स्टँडवर बसा. चहाचे पैसे मी देतो.