सावर्ड्याच्या गडग्यांवरील हंसराज

मुंबईहून गोव्याकडे जातांना चिपळूणच्या पुढें सावर्डें हें गांव लागतें. श्रावणांत आम्ही तेथें उतरलों, तेव्हां जांभ्या दगडाचे गडगे व विहिरींचे कांठ नेच्यांनीं हिरवे झाले होते. त्यांतील नाजूक पानांचा हंसराज वाचकांच्या ओळखीचा असेलच.

यास फूल नाहीं, फळ नाहीं. मग वंश चालतो कसा? पान उलटून पाहावें. दुमडलेल्या कडेखालीं तपकिरी कोश असतात. ते वाळून फुटले कीं धुळीसारखीं बीजुकें वाऱ्यावर जातात. परंतु बीजुकापासून थेट नेचा उगवत नाहीं. ओल्या दगडावर प्रथम नखाहून लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती होते. तिच्या खालच्या अंगास नरपेशी व मादीपेशी तयार होतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरांतून पोहत जाऊन मादीपेशीस मिळते, तेव्हांच नवा नेचा जन्मास येतो. हा पिढ्यांचा फेरा जर्मन पंडित हॉफमाइस्टर यांनीं १८५१ सालीं उलगडून दाखविला. हंसराजास दुसरीही युक्ति साधते. त्याच्या पानाचें टोंक ओल्या भुईस टेंकलें कीं मूळ धरून नवें रोप होतें.

गडग्यावरील ही सारी शोभा त्या चिमुकल्या चकतीच्या आधारानें पसरते. सच्छिद्र जांभा तिच्यासाठीं ओल धरून ठेवतो. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावरून पाणी वाहून जातें. भर पावसांत शेवाळ समजून भिंत खरवडली, तर पुढची पिढी तेथेंच खुंटते. परसांतील एखादी तरी जुनी भिंत पावसाळाभर तशीच राहूं द्यावी, एवढीच आमची गृहस्थांस व गृहिणींस विनंति आहे.